ऑरेस्टच्या डाव्या पायाचं मोल

...तर पहिल्या डावात समोरच्या संघातल्या लेफेव्हरचे दोन दात बर्फावर पडले, इथवर काल आलो होतो. पंच ते हातमोज्यात गोळा करत होता. मारणारा होता ऑरेस्ट होर्बाय, केल्व्हिकच्या बर्फावरच्या हॉकी संघाचा एकोणीस वर्षांचा बचावपटू. एरवी इतका गरीब, की ज्यांच्या घरी संघानं त्याला ठेवलं होतं त्या बाईची भांडीही घासून द्यायचा.

मी दुसऱ्याच एका संघाचा पारखी. कॅनडातल्या सस्कॅचवनच्या थंडीत ट्रक हाकत पोरं जोखत फिरायचो. त्या दिवशी खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. ऑरेस्ट आमच्याकडे आला, तर अंतिम फेरीत मोठ्या क्लबांची माणसं त्याला बघणार. नाही आला, तर कुमार गटाचं वय संपलं. बापामागं धान्याच्या कोठारात पोती उचलायची.

वहीत लिहिलं: गड्याला फळीवर असा चेपतो, की बरगड्यांचा आवाज चौथ्या रांगेत येतो. पहिला पास सुतासारखा सरळ. उणीव एकच, डावीकडे वळताना गाडं अडतं. केल्व्हिकवाले त्याच्या बदल्यात आमचे दोन गडी मागत होते. मी लिहिलं, एक पुरे.

दुसऱ्या डावात यानं पुन्हा काही कारण नसताना समोरचा सगळ्यात दांडगा गडी गाठला. रीतीप्रमाणे विचारलं, ''येतोस का?'' हातमोजे फेकले. मग काय सांगू! यानं त्याचा कान फाडला, त्यानं याची भुवई फोडली. दोघांचे सदरे भिजले, लोक काचा बडवायला लागले. मी वहीत भर घातली: माथेफिरू. शिक्षेच्या बाकड्यावर जाताना मात्र गडी सासुरवाडीला निघाल्यासारखा खूश.

सामना संपल्यावर आत गेलो. सामान सांभाळणारा म्हातारा सुरीनं त्याचा डावा बूट कापत होता. आत पाय काळानिळा, बीटासारखा सुजलेला. गुरुवारी सरावात पक, म्हणजे खेळायची टणक रबरी चकती, अडवताना हाड मोडलं होतं आणि यानं कुणाला सांगितलंच नव्हतं.

म्हटलं, बाबा, असल्या पायावर भांडणं कशाला उकरून काढलीस? तर म्हणाला, मारामारीला पाच मिनिटं बाकड्यावर बसायची शिक्षा, तेवढाच पायाला आराम. स्वतःहून जाऊन बसलो असतो तर तुम्ही लिहिलं असतं, पोरात दम नाही. तिसरी केली तर हाकलून देतात, म्हणून दोनच केल्या.

मला हसू आवरेना. चाळीस वर्षं पोरं पारखणारा मी, मोडलेल्या हाडाला उणीव म्हटलं आणि विश्रांतीला माथेफिरूपणा!

पण साडेचार वाजले होते. आमचा मॅनेजर क्लासेन तिकडे माझ्या निरोपासाठी फोनपाशी बसून होता. पायाचं सांगितलं तर तो सौदा मोडण्याचा दाट संभव. लपवलं तर मी ज्याचं खातो त्याच्याशी खोटं बोललो. मी सरळ पोरालाच विचारलं, बोल, काय सांगू?

भुवईचं रक्त डोळ्यात उतरत होतं. ते त्यानं मनगटानं पुसलं आणि म्हणाला, ''पाय मोडलाय ते सांगा, आजोबा. पण मोडल्या पायावर खेळलो तेव्हा माझ्या बाजूनं आमच्यावर एकही गोल झाला नाही, तेही त्याच दमात सांगा.''