झऱ्याच्या जागी दहा मिनिटं

पेणला गेले होते पापड आणायला. दिवाळी आठवड्यावर आलेली, बाजारात पाय ठेवायला जागा नाही. ऊन सोसेना म्हणून वाचनालयात शिरले, तर आत व्याख्यान चाललेलं. बोलणाऱ्या नलिनीताई हवामानशास्त्रज्ञ. साठीच्या, बसक्या आवाजाच्या.

"वर्षावन फक्त परदेशात नसतं. आपल्या सह्याद्रीतही त्याचे तुकडे उरलेत. जंगल जातं तेव्हा आधी आवाज जातात, मग पाणी."

ऐकायला आम्ही जेमतेम दहाजणं. उद्या कोलाडच्या आतल्या एका गावात बोलणार आहे, यायचं त्यांनी या, असं त्या शेवटी म्हणाल्या. का कोण जाणे, मी लॉजवर राहिले. नवऱ्याला फोन केला, "पापड उद्या येतील."

सकाळी एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, पण महामार्गाची धूळ पुरेपूर. खिडकी लावूनच बसा. वाटेत गडब गावाशी भातकापणी जोरात होती. कोलाड नाक्यावर तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. तिथून रिक्षा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथे गर्दी झालेली मला नको आहे.

देवळात वीसेक माणसं जमली होती. गावामागचं डोंगरावरचं रान घेऊन प्लॉट पाडायला एक गिऱ्हाईक टपलेलं. नलिनीताई बोलत होत्या, माणसं मोबाईल बघत होती. रानातली सगळ्यात मोठी पट्टी महादू नावाच्या एका गावकऱ्याच्या घरची. तो म्हणाला, "बाई, पाऊस तर दरसाल पडतोय. उगा कशाला भिववता?"

ताईंनी वाद घातला नाही. वीस वर्षांपूर्वी, याच दिवसांत, वरच्या देवराईत केलेलं रेकॉर्डिंग त्यांनी लावलं. किड्यांची अखंड किरकिर, कस्तूर पक्ष्याची लांब शीळ, धनेशाच्या मोठ्या पंखांचा फडफडाट, खाली पाण्याची खळखळ. देऊळ भरून गेलं. मग अगदी जवळून एक पुरुषी आवाज आला, "बाई, जपून. तिथं पाय टाकू नका, झरा हाय."

महादूचा चेहरा उतरला. खांबाशी बसलेली त्याची आई, येसूआजी, उठून उभी राहिली.

"ह्ये तर हे हायेत," ती म्हणाली. 'हे' म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

आजीने चप्पल घातली. "चला. झरा बघू."

आजी, महादू, ताई आणि मी, आम्ही चौघं वर चढलो. देवाभोवती मोजकी जुनी झाडं उरलेली, पलीकडे उघडा माळ. नुकताच पावसाळा सरलेला, तरी झऱ्याच्या जागी कोरडा दगड. ताईंनी रेकॉर्डर त्याच खडकावर ठेवला, दहा मिनिटं गप्प बसा म्हणाल्या.

भरदुपारी अंगावर काटा आला. किडा नाही, पाखरू नाही, पानही हलेना. कानांत दडे बसलेत असं वाटून मी बोटाने कान चोळले. आजी त्या दगडाकडे टक लावून बसली होती. मध्येच तिने मान वळवली, कुणीतरी मागून हाक मारल्यासारखी. मीही वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

उठताना ती महादूला म्हणाली, "जमीन माज्या नावावर हाय. मी अंगठा देनार नाय."

"आये, बाकीचे देतील ना."

"देऊ दे. माजा नाय."

उतरताना महादूने आईचा हात धरला होता. आजीची पट्टी राहिली. शेजारच्या दोघांनी आपली विकली, असं ताईंनी नंतर कळवलं. सोबत त्या दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवलं.

घरी मी ते नवऱ्याला ऐकवलं. तो हेडफोन लावून बसला. बऱ्याच वेळाने एका कानावरचा बाजूला करून म्हणाला, "अगं, सुरू कधी होणार?"