ओल्या फडक्यातलं रबरी बोंड

निजामी जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. झरी गावाच्या पलीकडं एका खेड्यात मी बाळंतपणं करणारी नर्स होते. माया होती माझ्यात, पण तोंड फटकळ. बाया म्हणायच्या, 'बाईच्या औषधापेक्षा बाईचं बोलणं कडू.'

तिथं विहिरीवर चामड्याची मोट हाकणाऱ्या एकाची बायको बाळंतपणात गेली. मागं तान्ही पोरगी. शेळीचं दूध पाजायला मीच त्याला काचेची बाटली न् तिचं रबरी बोंड दिलं. वर बजावलं, "जपून ठेव. रबर तडकलं तर दुसरं मिळायचं नाही."

पंधरा दिवसांत तो पोरीला घेऊन आला. जिभेवर, गालांच्या आत दह्यासारखा पांढरा थर. बुरशीच ती. पोर बोंड तोंडात घ्यायची न् कळवळून सोडून द्यायची. मी जांभळं औषध लावलं, तोंड साफ झालं. आठवड्यानं पुन्हा तेच! तिसऱ्यांदा आणली तेव्हा नुसती हाडं न् कातडं. दूध पोटात गेलं नाही तर पोर हातची जाणार, हे दिसतच होतं. माझं तोंड सुटलं.

"अरे, लेकरू आहे का वासरू? बाटली धुतोस तरी का?"

"धुतो की, बाई," तो खाली मान घालून म्हणाला.

माझा काडीचा विश्वास बसला नाही. तशीच उठले न् त्याच्या घरी गेले. बघते तर काय, सारवलेलं अंगण, लख्ख भांडी, घासलेली बाटली. बोंड मात्र दिसेना. त्यानं कोनाड्यातून एक ओलं फडकं काढलं, हळूच उलगडलं. आत लोणी चोळलेलं बोंड.

"मोटंचं चामडं असंच ठिवतो आमी. वाळलं की तडकतंय. तुमीच म्हणला ना, जपून ठिव म्हणून."

अगं बाई! उकळून कोरडं ठेवायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. त्या ओल्या, चिकट बोंडावर बुरशी पोसत होती न् दर पाजणीला पोरीच्या तोंडात जात होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोंड फेकून दिलं. वाटी-चमचा उकळून थेंब थेंब दूध सोडायला शिकवलं, औषध चालू ठेवलं. रोज जात होते. नवव्या दिवशी पोरीनं भुकेनं असं भोकाड पसरलं की शेजारीण धावत आली.

मला रडू आवरेना. म्हणाले, "चूक माझी होती रे, न् बोलले तुला."

पोरीच्या ओठाला चमचा लावत तो म्हणाला, "बोलत जावा, बाई. हिची माय गेल्यापासून मला रागवायला घरात कुणीच न्हाई."