उभी गाडी

चौथीनंतर शाळेचा आणि माझा संबंध संपला, पण अँब्युलन्स कशी चालवायची हे मला कोणी शिकवू नये. एका धर्मादाय दवाखान्याची गाडी मी रिटायर होईपर्यंत चालवली. गाडीत एक स्ट्रेचर, एक सिलिंडर आणि मी. पेशंट उचलायचा, जवळच्या दवाखान्यात पोचवायचा, संपलं. कसब्यातल्या आमच्या गल्लीसारख्या गल्ल्यांत गाडी शिरत नसे. शहाणी माणसं पेशंटला खुर्चीत बसवून आधीच कोपऱ्यावर आणून ठेवत.

गेल्या हिवाळ्यात सकाळी चहा गाळताना बायकोने ओट्याचा आधार घेतला. घामाने भिजली होती, डावा हात चोळत होती.

"पित्त असेल हो," म्हणाली.

अशी पित्तं मी पुष्कळ वाहिली आहेत. वाघोलीला राहणाऱ्या मुलाला फोन लावला. थोड्याच वेळात त्याचा उलट फोन आला. "बाबा, अँब्युलन्स निघालीय. आईला हलवू नका, घरीच थांबा."

"गल्लीत गाडी येत नाही. मला शिकवू नको," म्हटलं आणि फोन ठेवला.

शेजारच्या तांबटाला हाक मारली. हात असलेल्या लाकडी खुर्चीत तिला बसवलं, दाराला कुलूप घातलं आणि दोघांनी उचलून तिला कोपऱ्यावरच्या डेअरीसमोर आणलं.

"लग्नातसुद्धा असं मिरवलं नव्हतंत मला," ती म्हणाली. मग बोलायची थांबली.

गाडी येईना. मी रस्त्याच्या मध्यापर्यंत जाई, परत येऊन तिचा हात धरी, पुन्हा जाई. सायरन ऐकू आला तो गल्लीच्या पलीकडच्या तोंडाला, आणि तिथेच बंद झाला. फोन वाजला. मुलगाच.

"बाबा, ते आपल्या दारात उभे आहेत. कुलूप आहे म्हणतात. मी घराचं लोकेशन पाठवलं होतं. तुम्ही कुठे आहात?"

गाडी पलीकडे लावून ते स्ट्रेचर घेऊन गल्लीतून चालत घरी गेले होते. आमच्या वेळी अशी पद्धत नव्हती. तांबट पळत जाऊन त्यांना घेऊन आला. बरोबर नातीच्या वयाची एक डॉक्टरीण. गाडी वळसा घालून डेअरीसमोर आली, बायकोला आत घेतलं, दार लागलं, आणि गाडी उभीच.

मी ड्रायव्हरच्या काचेवर बोटं वाजवली. "अहो, गिअर टाका की. नाहीतर चावी इकडे द्या."

"मॅडम सांगतील तेव्हा, काका."

"गाडी मॅडम चालवतात का?"

"गाडी मीच चालवतो. तुम्ही माझ्याशेजारी बसून घ्या."

आत डॉक्टरणीने तिच्या छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, मोबाईलवरून कुठेतरी पाठवली. गोळ्या चघळायला दिल्या, हाताला सुई लावली. माझा उजवा पाय रिकाम्या जागेवर ॲक्सिलेटर दाबत होता. मागे वळून म्हटलं, "बाई, जवळचा दवाखाना या वळणावरच आहे."

"आजोबा, तिथून त्यांना परत हलवावं लागेल. हृदयाची बंद नळी उघडायची सोय आहे तिथेच नेतोय. ते तयारीला लागलेत."

मग गाडी हलली. प्रत्येक सिग्नलला मी ड्रायव्हरला सांगत होतो, डावीकडून काढा, आता काढा. मागून बायकोचा मास्कखालचा आवाज आला, "अहो, त्यांना काम करू द्या."

डॉक्टरीण मलाच म्हणाली, "आजोबा, त्यांना बोलायला लावू नका."

 पुढचे सिग्नल मी मनातल्या मनात मोजले.

दवाखान्याच्या दारात माणसं तिची वाट पाहत उभी होती. पूर्वी वॉर्डबॉय शोधायला मलाच आत जावं लागे. तिला सरळ आत नेलं. मी बाहेर येरझाऱ्या घालत राहिलो. शेवटी मोठे डॉक्टर येऊन म्हणाले, "नळी उघडली. वेळेत आणलंत." खुर्चीमुळे वेळेत, की खुर्ची असूनही, हे मी विचारलं नाही.

ती घरी आली तोवर डेअरीवाला आमच्या खुर्चीत रुळला होता. मी जाऊन त्याला उठवून ती आणली.

"पुढच्या वेळी मला घरातच ठेवा," ती म्हणाली.

"पोराने कोपऱ्याचं लोकेशन पाठवायला हवं होतं," मी म्हटलं. अजूनही तेच म्हणतो. पण कुठेही सायरन वाजला की उठून आधी ती झोपली आहे की बसली आहे ते बघतो. आणि ती घरात असताना दाराची कडी मी आतून लावू देत नाही.