मी पुसलेलं गोंदण

आज मंगरूळपीरच्या आमच्या फोटो स्टुडिओत नवा मॉनिटर आला. रंग खरे दिसावेत म्हणून मुद्दाम निवडलेला.

सहज, शेजारच्या कांताबाईंच्या वारलेल्या आईचा मूळ फोटो उघडला आणि सुन्न झाले. कपाळावर हिरवं गोंदण होतं. जुन्या मॉनिटरवर मला तो मळकट डाग वाटला होता. मीच तो पुसून, चेहरा उजळून, फोटो भिंतीवर लावायला दिला होता.

कांताबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी स्क्रीनवरच्या गोंदणावर बोट टेकवलं.

“तेव्हाच काहून नाही सांगितलं?” मी विचारलं.

“फोटो कसा चुकन, बाई? मले वाटे, मीच मायचं तोंड विसरून राह्यली.”

नवा फोटो लगेच छापून दिला.

माझ्याकडून फोटो नेलेल्यांनो, त्यात तुमचं माणूस तुम्हाला ओळखू येतं ना?