गणपतच्या घरातला खंड्या

मालवणच्या बंदरात होडीवर नाव रंगवायचं तर ते गणपत मेस्त्रीनेच, असं ठरूनच गेलं होतं. दुकानांच्या पाट्या त्याच्या, चतुर्थीआधी मूर्तींचे डोळेही त्याचेच. "हात बघा मेस्त्र्याचो," लोक म्हणत, आणि गणपत मान खाली घालून कुंचला पुसत राही. ते ऐकायला त्याला फार आवडे.

सत्तावन्न साली मेहुणा मुंबईहून चतुर्थीला आला, तो बहिणीसाठी रंगीत पेन्सिलींची पेटी घेऊन. लहानपणी जानकी कोळशाने चित्रं काढून भिंती भरायची, हे त्याच्या लक्षात होतं. गणपत हसला. "पोरांचो खेळ तो," बायकोला म्हणाला.

परसातल्या डबक्यावर एक वाळकी काठी कललेली होती. तिच्यावर रोज एक खंड्या येऊन बसे. भांडी घासता घासता जानकी त्याला बघे. बरेच दिवस नुसती बघतच राहिली, मग एका दुपारी कागद घेऊन बसली. छातीचा पांढरा तिने रंगवलाच नाही, कागदच तिथे कोरा ठेवला. पाठीवर आधी जांभळी पेन्सिल अगदी हलकी फिरवली, तिच्यावर हिरवी, मग निळी. डोळ्यात कणभर कागद शिल्लक राखला. पक्षी असा उतरला, की जणू नुकताच पाण्यातून वर आलाय आणि अजून ओला आहे.

शेजारच्या हौसाबाईने त्याची बातमी सगळ्या वाडीला सांगितली. संध्याकाळी गणपत कामावरून आला तर ओटीवर, भिंतीला लावलेल्या खंड्यासमोर माणसं जमलेली, आणि सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे. कुणी त्याला वाटसुद्धा दिली नाही. रात्री तो जेवला नाही. "पोट बरा नाय," म्हणाला.

पुढच्या वर्षी दाजी तांडेलाने नवा मचवा बांधला. नाळेवर, मचव्याच्या पुढच्या टोकावर, खंड्या काढायला त्याने गणपतला सांगितलं. गणपतने दोन दिवस खपून एकेक पीस काढलं. दाजी लांबून बघत म्हणाला, "ह्यो पोपट कित्या काढलंस रे? माका तुज्या घरातलो खंड्यो होयो. तुज्या बायलेन काढलेलो."

किनाऱ्यावरची माणसं हसली. गणपत घरी आला, भिंतीवरचं चित्र ओढून काढलं आणि चुलीत सारलं. जानकी भाकरी थापत होती. कागद जळेपर्यंत तिने पाहिलं, मग तवा उतरवला.

"दाजीक काय सांगतलास?"

गणपत बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच किनाऱ्यावर गेली आणि खडूने नाळेवर पक्षी उभा केला. रंग गणपतने भरले. दाजी खूश झाला. सगळे निघून गेल्यावर गणपतने नेहमीसारखं खाली लिहिलं, 'गणपत पेंटर'. एकट्याचंच.

जानकीने ते मचवा पाण्यात जाताना वाचलं. पुढे दुसरा तांडेल पक्षी मागायला आला, तेव्हा तिने दारातूनच सांगितलं, "तेंकाच सांगा. मचव्यार नाव तेंचा आसा." गणपतला ते काम सोडावं लागलं. नंतरची दोन-तीनही सोडावी लागली.

जानकी परसात बसून चितारत राहिली. बगळा, धनेश, कवडा. गणपत आत असला की पेन्सिलीचा बारीक आवाज ऐकत बसे, आणि तेवढ्या आवाजानेही त्याच्या छातीत जळजळे. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि ही बाई एवढं बघते हे त्याला कधी कळलंच नव्हतं. तिच्यावरच्या रागात याचाही राग होता.

शेवटी एका पहाटे तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

"माका दाखय," म्हणाला.

जानकीने पेन्सिल हातात दिली नाही. "आधी बघा," म्हणाली. "पिसा मगे. पक्षी भार खंयच्या पायार टाकता, ता बघा."

गणपत बघत राहिला. शिकलाही थोडाफार. पुढे त्याच्या होड्यांवर खरे पक्षी दिसू लागले आणि लोक पुन्हा त्याच्या हाताचं कौतुक करू लागले. अशा वेळी तो हळूच बायकोकडे बघे. आपलं कौतुक तिने ऐकलं की नाही, हे त्याला अजूनही आधी बघावंसं वाटे.