कैऱ्या विकणे आहे

नेमसिंग राठोडनं आपला बैल विकायला काढला, तेव्हा तांड्यावर कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढं, बैल काही केल्या विकलाच जाईना तेव्हा. जनावर वाईट होतं म्हणावं तर तसंही नाही. पांढरंशुभ्र अंग, कैरे डोळे, म्हणून नाव कैऱ्या. गाडीला जुंपा, वखराला जुंपा, मान खाली घालून चालणारा गुणी बैल. त्याची जोड आदल्या साली साप चावून मेली होती आणि हा एकला उरला होता, एवढंच काय ते उणं.

आता लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. नेमसिंगला बैल विकायचाच नव्हता. त्याला माणसं पाहिजे होती.

सेनगावकडच्या गोरेगावपासून जवळच्याच या तांड्यावर त्याचं दोन खणांचं घर. बायको धुरपताबाई वारली, मुलगा दिपक चाकणला कंपनीत. दिपक काही वाईट पोरगा नाही, दर रविवारी फोन करतो. "जेवलात का बापू? तब्येत बराबर हाय ना? ठेवू मग?" संपलं. शेजारपाजार आपापल्या धंद्याला लागलेला. दिवसभर नेमसिंग बोलणार कुणाशी, तर कैऱ्याशी. तेही गोरमाटीत, म्हणजे आपल्या बंजारा बोलीत, कारण घरात गोरमाटी समजणारं तेवढंच एक उरलं होतं. माणसाचं तोंड असं बंद राहिलं की घास गिळायलाही तकलीफ होते. ज्याला झाली नाही त्याला सांगून कळायचं नाही.

आणि गंमत बघा, याच माणसानं अख्ख्या मुलखाचा बाजार मांडून दिला होता.

ते झालं कोरोनाच्या साली. आठवडी बाजार बंद, दलाल घरात, गिऱ्हाईक घरात, आणि दावणीला जनावरं उभी. नेमसिंगनं ऐन उमेदीत बैलबाजारात दलाली केलेली. तिथली लबाडी त्यानं आतून पाहिली होती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा तो कारभार. शेजारची सून मिना कळमनुरीची, कॉलेज शिकलेली. तिच्या हातात मोबाईल पाहून तो एक दिवस म्हणाला, "पोरी, ह्याच्यात बाजार भरंल का गं? उघडा? दलाल नसंल असा?"

मिनानं भरवला. मोबाईलवर ग्रुप उघडला, नाव ठेवलं 'खुला बाजार'. तांड्यावरचे म्हातारे हसले. उंटावरून शेळ्या हाकायला निघाला म्हणाले. पहिले दिवस होतेच तसे. लोक बैलाचा फोटो टाकायचे म्हणजे काय, तर स्वतः फेटा बांधून मधोमध उभं राहायचं आणि बैलाचं एक शिंग कोपऱ्यात. नेमसिंग आवाज भरून पाठवायचा, "अरे बाबा, इकायचं कोन हाय, तू का बैल? तू असशील तर तुह्या बायकोला इचारून टाक."

पण कायदे मात्र त्यानं पक्के घातले. दलाली नाही. लिंक सगळ्यांना खुली. कुण्या गावचा, कुण्या जातीचा, कुणी विचारायचं नाही. भाव उघडा लिहायचा. फोटोवर सौदा नाही. घेणाऱ्यानं दारात यायचं, घरचं पाणी प्यायचं, मग जनावराला हात लावायचा. आणि सगळ्यांत मोठा कायदा: तोंडचा भाव आला की दावं सोडायचं. लिहिला तेवढा भाव घेणाऱ्यानं कबूल केला, की विकणाऱ्यानं मागं सरायचं नाही. सरला तर तो बाजाराबाहेर. "जबान म्हंजे जबान," नेमसिंग म्हणायचा. "जबान गेली तर राह्यलं काय बाजारात? शेण."

लोकांचा सुरुवातीला एकमेकांवर भरोसा नव्हता, पण नेमसिंगवर होता. म्हणून मग सगळे सौदे त्याच्याच ओट्यावर व्हायला लागले. सेनगावचा शेळीवाला, औंढ्याकडचा हळदीचं बेणं घेणारा, कुणाची जुनी तिफण, कुणाचा फवारणीचा पंप. जीपा येऊन थांबायच्या. तेव्हा धुरपताबाई होती. तोंडानं शिव्या आणि हातानं चहा, असा तिचा दिवसभराचा रतीब. "बाजार मोबाईलमदी हाय म्हन्ता ना, मंग हे मानसं माह्या चुलीपाशी काहून येऊन राहिले?" असं ती विचारायची आणि परत आधण ठेवायची. ते दिवस फार चांगले होते.

मग धुरपताबाई गेली, आणि बाजार शहाणा झाला. माणसं एकमेकांना ओळखायला लागली. पंचाची गरज उरली नाही. पुढं पुढं तर व्हिडिओ कॉलवर जनावराचे दात दाखवून सौदे व्हायला लागले. दारात जायचा कायदा कुणी मोडला नाही, तो आपला हळूहळू गळून पडला. बाजार वाढत गेला तसा नेमसिंगचा ओटा ओस पडत गेला. तक्रार करायची कुणाकडं? त्यालाच तर असा बाजार पाहिजे होता, जो कुणावाचून अडत नाही. आता त्याच्यावाचूनही अडत नव्हता.

म्हणून एक दिवस त्यानं कैऱ्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर लिहिलं, 'कैऱ्या विकणे आहे.' भाव लिहिला जरा चढा. म्हणजे माणूस बघायला तर येईल, पण द्यायला धजणार नाही.

डाव बरोबर बसला. एकल्या बैलाला जोड शोधणारे पुष्कळ असतात. त्यात नेमसिंगचं जनावर म्हटल्यावर आठ-पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी यायचंच. ते आले की नेमसिंगच्या अंगात वारं शिरायचं. चहा, मग भाकरी, मग पुन्हा चहा. पाऊसपाणी, पोरीबाळींची लग्नं, सोयाबीनवरची कीड, सगळं बोलून व्हायचं. कुणी भावाच्या जवळ यायला लागलं, की नेमसिंग स्वतःच आपल्या बैलाला नावं ठेवायचा. "आता तुमी घरचे म्हनून सांगतो, पुढच्या उजव्या पायात जरा कसर हाय." कैऱ्या बिचारा चारी पाय रोवून उभा. गिऱ्हाईक विचारात पडायचं, कमी भाव बोलायचं, नेमसिंग मान हलवायचा आणि माणूस पोटभर जेवून निघून जायचा. कायदाही मोडला नाही, बैलही गेला नाही.

मिनाच्या लक्षात आलं होतं. एक दिवस अंगणात गोवऱ्या रचता रचता ती म्हणाली, "काका, लोक बोलून राहिले."

"काय बोलून राहिले?"

"खोट बैलात हाय का काकात, असं." ती हसली, मग हसायची थांबली. "मला कळते काका तुमी काहून करून राहिले ते. पन एखादा आला अन् लिव्हलेला भाव बोलला, तर सोडावं लागंल. कायदा तुमीच केला. तुमी मोडला तर मंग कोनाला काय सांगायचं?"

"कोन देते एवढा भाव एकल्या बैलाला," नेमसिंग म्हणाला.

देणारा आला. उन्हाळा सरत आला होता, वखराची घाई चाललेली. नरसी नामदेवच्या पलीकडून दोन जीपा बदलून आलेला पन्नाशीचा माणूस. दारात थांबून म्हणाला, "जयभीम, भाऊ. रामजी माहं नाव." नेमसिंगनं जय सेवालाल केला, खाट टाकली, पाणी दिलं. रामजी तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायला आणि त्यानं पिशवी खाली ठेवली. तिच्यातून नवं कोरं दावं डोकावत होतं. आपल्याकडं विकणारा आपलं दावं देत नाही, घेणाऱ्यानं आपलं आणायचं असतं. बघायला येणारा माणूस दावं आणत नसतो.

चहा झाला. रामजी कैऱ्याजवळ गेला, पाठीवरून हात फिरवला, खुरं उचलून पाहिली.

"मारका हाय बरं का," नेमसिंग म्हणाला. कैऱ्यानं रामजीची बाही चाटायला घेतली.

"पानी लई पितो."

"पिऊ द्या. हिरीला पानी हाय माह्या."

"जोड मेली तवापासून एकला हाय. मन लागत न्हाई त्याचं कशात. खात न्हाई धड."

"माह्याबी एकलाच हाय भाऊ, दुसरा गेला," रामजी म्हणाला. "दोघाला दोघं होतील."

नेमसिंगनं कैऱ्यापुढं उगाच वैरण सारली.

"तर मंग तुमी लिव्हला तोच भाव," रामजी म्हणाला. "रुपया कमी म्हनत न्हाई."

झालं. तोंडचा भाव आला. नेमसिंग खांबाला टेकून उभा. हो म्हणावं तर उद्यापासून गोठा मोकळा, ओटा मोकळा, घर मोकळं. नाही म्हणावं तर बाजार गेला, जबान गेली. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यानं स्वतःच्या अकलेनं उभी केली होती.

तो गप्पच राहिला. आणि हळूहळू रामजीच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं.

"भाऊ," तो हळू आवाजात म्हणाला, "माहा बाप बैल घ्यायला बाजारात जायचा. तवा भाव रुमालाखाली व्हायचा, बोटाला बोट लावून. तुमाला ठाव हाय. माह्या बापाच्या हाताला कोनी हात लावत नव्हतं. रुमाल आमच्यासाठी नव्हताच. दुरून वरडून भाव सांगायचे, साऱ्या बाजाराच्या देखत, दुप्पट. बाप मान खाली घालून द्यायचा." तो थांबला. "तुमच्या बाजारात मी गाय घेतली, बेणं घेतलं. कोनी इचारलं न्हाई कोन हाव म्हनून. म्हनून आलो. द्यायचा नसंल तर तसं सांगा, राग न्हाई. पन काहून ते सांगा."

नेमसिंगला चटका बसला. तो बाजारात असताना रुमालाबाहेर उभी केलेली ती माणसं त्यानं रोज पाहिली होती. आणि आज आपली गप्प बसण्याची तऱ्हा या माणसाला तिथलीच वाटतेय. तसं नाही हो, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. बैल गेला की माझ्या दारात कुणी येणार नाही, एवढंच दुखणं आहे. पण साठी ओलांडलेल्या माणसानं पहिल्यांदा भेटलेल्या बाप्याला हे सांगायचं कुठल्या तोंडानं? आणि सांगितलं तरी ते खरं कोण मानणार?

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला. झटकला. स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढं केला.

"भाव तर ठरला, भाऊ," रामजी म्हणाला.

"ठरला. तरी द्या हात."

रामजीनं हात रुमालाखाली घातला. नेमसिंगनं त्याची बोटं धरली, जुन्या रीतीनं एकेक दाबून भाव सांगितला. सांगून झाला तरी त्यानं हात सोडला नाही. खरबरीत, ऊन हात होता. धुरपताबाई गेल्यापासून कुणाचा हात असा आपल्या हातात आलाच नव्हता, हे त्याला त्या क्षणी कळलं. रामजीनंही ओढून घेतला नाही. त्याचे डोळे भरून आले होते, पण ते बापासाठी. नेमसिंगचं त्याला काही ठाऊक नव्हतं.

मग पुढचं पटापट झालं. मिनाला हाक मारली, तिनं कैऱ्याला हळदकुंकू लावलं, भाकरी खाऊ घातली. रामजीनं आपलं दावं बांधलं, नेमसिंगनं आपलं सोडून घेतलं. छोटा टेम्पो आला. कैऱ्या चढताना एकदा अडला. नेमसिंगनं गोरमाटीत काहीतरी सांगितलं तेव्हा चढला.

"येत जा नरसीला," रामजी म्हणाला. म्हणतात तसं म्हणाला.

मिनानं ग्रुपवर टाकलं, 'कैऱ्या विकला. लिहिलेल्या भावानं.' खाली अंगठ्यांची रांग लागली. कुणी लिहिलं, काकांची जबान म्हणजे जबान. कुणी लिहिलं, असा बाजार दुसरीकडं नाही. नेमसिंगनं सगळं वाचलं, मिनाकडून परत एकदा वाचून घेतलं. बरं वाटलं त्याला, का नाही वाटणार? संध्याकाळी सवयीनं तो वैरणीची पेंढी घेऊन गोठ्यात गेला आणि पेंढी घेऊन परत आला.

पुढं कुणी आलं नाही. येणार कशाला?

आठवड्याभरानं सकाळी फोन वाजला. अनोळखी आवाज. "कैऱ्या बैल तुमचाच का? कळमनुरीकडून येऊन राहिलो. गोरेगावला उतरलो आत्ता. तांड्याचा रस्ता कोनता?"

नेमसिंग उठून उभाच राहिला. माणूस गोरेगावात होता. हाकेच्या अंतरावर. या म्हटलं असतं तर चहाचं आधण उकळेपर्यंत दारात आला असता. बैल कुठं आहे विचारलं असतं तर चरायला गेलाय म्हणता आलं असतं. तोवर दोन घटका सहज गेल्या असत्या. सगळं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं.

"तो इकला," नेमसिंग म्हणाला. "गेल्या सालीच... न्हाई, मागच्या आठवड्यात. ग्रुपवर टाकलं व्हतं."

"असं व्हय. पाह्यलंच न्हाई मी."

"पन आता आलातच इथवर तर..."

"न्हाई न्हाई, बरं झालं सांगितलं. हीच जीप परत चालली, बसतो." तो माणूस मोकळेपणानं हसला. "तुमच्या बाजाराचं हेच लई चांगलं हाय, काका. उगंच कोनाच्या दारात जावं लागत न्हाई."

"व्हय," नेमसिंग म्हणाला. "ते बराबर हाय."