पाटावरचा यजमान

"पाट काढा! अरे, आधी त्याच्या खालचा पाट काढा!"

गणेश मंडळाचे सेक्रेटरी असे ओरडत होते की धारवाडच्या सप्तापुरातली निम्मी कुत्री भुंकायची थांबली आणि उरलेल्या निम्म्यांनी रायापूरची वाट धरली. पाटावर मी होतो. सोवळं नेसलेला, हातात पळी, समोर सत्यनारायणाचा चौरंग. पूजा निम्म्यावर आलेली. बायको बाळंतपणाला माहेरी, म्हणून तिच्या जागी सुपारी ठेवलेली.

झालं होतं एवढंच. महाप्रसादाच्या तांदळाची पोती घेऊन अळणावरकडचा तुकाप्पा टेम्पोतून उतरला. आमच्या गावचा म्हातारा. मला बघून त्याला असा आनंद झाला की पोतं पायावर पडलं तरी त्याला कळलं नाही.

"अरे, हा तर आमच्या यल्लप्पाचा पोरगा! यजमान झाला की रे! बाप अजून हलगी वाजवतो काय? भटजी, ह्याच्या बापासारखी हलगी आख्ख्या मुलखात नाही बघा!"

बिचारा कौतुक करत होता. मांडव मात्र गार पडला. गावात हलगी कोण वाजवतं हे आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. मांग वाजवतात. मी मांग.

मग सहा वर्षं मी ह्या मंडळात कोण होतो? तर माझं आडनाव गावाच्या नावावरून, शेवटी 'कर'. शाळेत मराठी शिकवतो, पोटफोड्या 'ष' वेगळा काढून दाखवतो. एवढ्यावर ह्या लोकांनी मला परस्पर आपल्यात घेतलं. भटजींनी तर न विचारता संकल्पात माझं गोत्रसुद्धा ठोकून दिलं. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. आरत्या खड्या आवाजात म्हटल्या, आणि दर महिन्याला अप्पांना फोनवर सांगत राहिलो, "इकडे येऊ नका, घर लहान आहे."

घरात हत्ती लोळला असता. पण अप्पा आले असते तर दोन वाक्यांत माझं पितळ उघडं पडलं असतं. सहा वर्षं मी बापाला दारात येऊ दिलं नाही. ही करणी माझी. ती सेक्रेटरींच्या नावावर खपवता येत नाही.

तर पाट.

सेक्रेटरी वकील. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा, हे त्यांना कलमासकट पाठ. म्हणून त्यांनी तोंडातून जातीचा शब्द काढला नाही. नुसतं "पाट काढा" म्हणाले. जणू गुन्हा पाटानं केला होता.

आता पाट काढायचा तर मला उठवायला हवं. मला उठवायचं तर मला शिवायला हवं. आणि सगळे सोवळ्यात! चार पदवीधर, एक निवृत्त तहसीलदार आणि एक वकील माझ्याभोवती गोल उभे राहून असा विचार करत होते, की तेवढ्या विचारात एखादं धरण बांधून झालं असतं. शेवटी कुणीतरी भगव्या झेंड्याचा बांबू आणला आणि पाटाला टेकवून मला ढकलू लागला. झेंड्यासकट. मी पाटावर बसूनच वीतभर मागं सरकलो. भटजींनी तेवढ्यात चपळाईनं सुपारी उचलून ताम्हनात ठेवली. तिची जात कुणी विचारली नाही.

इथपर्यंत मी थोडं मीठमसाला लावून सांगितलं असेल. पुढचं लावत नाही. मी उठलो. मान खाली घालून उठलो, आणि वर "माफ करा" म्हणालो. माफ करा! तो शब्द अजून घशात हाडकासारखा आहे.

माझ्या पाठीमागं गोमूत्र शिंपडलं. इतकं, की पुढचे आठ दिवस धारवाडच्या गाई मंडळाचं दार बघून तोंड फिरवत होत्या. गणपतीला सहा वर्षं माझ्या हातचे मोदक पचले. अपचन झालं ते ह्यांना.

आठ दिवसांनी सेक्रेटरी माझ्या घरी आले. हातात पेढ्यांचा पुडा. महापालिकेची निवडणूक तोंडावर, आणि तिकीट ह्यांच्या खिशात. त्यांची भाषणं मीच लिहीत असे. 'हिंदूला जात नसते' हे त्यांचं गाजलेलं वाक्य माझंच. टाळ्या कुठं घ्यायच्या त्याचीही खूण मी पेन्सिलीनं करून देत होतो.

"सर, झालं गेलं विसरा की हो," ते म्हणाले. "परवा सभा आहे. तुम्ही स्टेजवर. खुर्ची अगदी माझ्या शेजारी."

"कशाला?"

"वॉर्डात तुमच्या समाजाची घरं बरीच आहेत. तुम्ही फक्त उठून जात सांगायची. मोठ्यानं. आणि म्हणायचं, ह्या माणसानं मला सत्यनारायणाचा यजमान केला."

"आणि बांबू?"

"ते कशाला सांगायचं!"

मला हसू फुटलं. वा रे हिशेब! वर्गणीला मी हिंदू. मिरवणुकीत घसा फोडायला हिंदू. पाटावर बसलो की मांग. आणि मतं हवी असली की एकाच खुर्चीवर दोन्ही, तेही मोठ्यानं! माझा धर्म ह्यांच्या बंबासारखा. ह्यांना आंघोळ करायची असली की पेटवायचा, नसली की कोपऱ्यात.

"येतो," मी म्हटलं. "जात सांगतो. मग बांबूही सांगतो, गोमूत्रही सांगतो. खुणा करून ठेवा, टाळ्या कुठं ते."

त्यांचा चेहरा उतरला. "सर, असं बोलू नये. आपण सगळे एक."

"मग मी येत नाही. भाषण लिहिणार नाही. मत देणार नाही. आणि यापुढं मला कुठल्या पाटावर बसवायला कुणी बोलावलं, तर बसायच्या आधी मी जात सांगणार. बसायचं का नाही, हे त्यानं नव्हे, मी ठरवणार."

पेढे परत दिले. धारवाडचे पेढे न चाखता परत करणं म्हणजे काय, हे धारवाडकरालाच कळेल. एवढा मोठा त्याग आमच्या सात पिढ्यांत कुणी केलेला नाही.

ते गेले तसा अप्पांना फोन लावला. छाती फुगलेली. सगळं सांगितलं, बांबू जरा लांब केला, माझी वाक्यं जरा वाढवली. मग म्हटलं, "अप्पा, आता या इकडे. दिवसाढवळ्या या. हलगी वाजवत या. सगळ्यांच्या देखत माझ्या घरात राहा. आता मी कुणाला भीत नाही."

पलीकडे अप्पा पान चघळत होते. चघळून झालं.

"कशाला?" अप्पा म्हणाले. "माझं काय अडलंय तिकडं?"